टेबलावर उरलेला तिसरा

मनमाडच्या पोरांचा जीव पाण्याच्या प्राण्यावर जडावा, यात नवल नाही. आमच्याकडे नळाला पाणी पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी यायचं. वागदर्डी धरण आटलं की त्याहूनही उशिरा. अंगणात निळी पिंपं, मोरीत भरून झाकलेली भांडी, आणि ‘पाणी आलं’ अशी गल्लीत हाक उठली की घरातलं लहानथोर सगळं नळाकडे. अशा गावात टीव्हीवर एक निळं कासव दिसलं. मनात येईल तेव्हा ते तोंडातून पाण्याचा फवारा सोडायचं. स्क्वर्टल त्याचं नाव. रेल्वे कॉलनीतली निम्मीअधिक पोरं त्याच्या बाजूची होती. माझा थोरला भाऊ मात्र चारमँडरचा. त्या नारिंगी पिल्लाच्या शेपटीच्या टोकाला ज्योत असते आणि ती विझली तर त्याचा जीव जातो, असं सांगत. दादाला पहिल्यापासून ज्याची काळजी घ्यावी लागेल असंच काहीतरी हवं असायचं.

पोकेमॉन आपल्याकडे 2003 साली कार्टून नेटवर्कवर हिंदीतून आलं. त्याच्या मागोमाग चिप्सच्या पाकिटांतले टाझो, म्हणजे चित्रांच्या चकत्या, आले. मूळचा खेळ मात्र त्याच्या कितीतरी आधीचा, 27 फेब्रुवारी 1996 रोजी जपानात गेम बॉय या हातात धरायच्या खेळयंत्रावर निघालेला. तो कल्पिला सातोशी ताजिरी यांनी. तोक्योजवळच्या माचिदात लहानपणी किडे पकडत हिंडलेला हा माणूस. गावाची शेतं-डबकी बुजून इमारती उठल्यावर पोरांना किडे शोधण्याचा आनंद पुन्हा कुठे मिळणार, या विचारातून त्यांनी हा खेळ रचला. दोन गेम बॉय जोडणारी तार पाहून त्यांना त्या तारेवरून चालत जाणारा किडा दिसला, असं त्यांनी सांगितलं आहे.

आमच्या कॉलनीत गेम बॉय कुणाकडेच नव्हता. खेळ आमच्यापर्यंत पोचला तो सायबर कॅफेच्या संगणकावर, त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये. 2004 सालचा ‘फायररेड’, म्हणजे पहिल्याच खेळाची नवी आवृत्ती. स्पेसबार दाबून धरला की सगळं भराभर धावायचं, म्हणून तासाचे पैसे वसूल करायला आम्ही तो सोडतच नसू. पण रात्री कॅफे बंद होताना मशीनवरचं सगळं पुसलं जाई. पुढच्या खेपेला पुन्हा तेच: पॅलेट गाव, आई, प्रोफेसर ओकची प्रयोगशाळा, टेबलावर तीन चेंडू. ब्रॉकच्या दगडी जिमपर्यंत, म्हणजे पहिल्या मोठ्या लढतीपर्यंत, मजल गेली तरी मोठी गोष्ट. त्याच्या ओनिक्सला, म्हणजे खडकांच्या त्या सापाला, आम्ही आधीपासून ओळखत होतो. गावाबाहेर आकाशात घुसलेली हडबीची शेंडी हा उभा राहिलेला ओनिक्सच आहे, यावर कॉलनीत एकमत होतं. जगभरच्या पोरांनी हा खेळ शेवटापर्यंत खेळला असेल. आम्ही त्याची सुरुवात खेळलो, पुन्हा पुन्हा, आणि म्हणून ती सुरुवात मला कोपऱ्या-कोपऱ्यासह पाठ आहे.

चेंडूपाशी जाऊन बटण दाबलं की आतल्या प्राण्याचं चित्र येतं आणि ओक विचारतो, हाच का? गवताचा बल्बासॉर वाढवायला सोपा. चारमँडरला धीर लागतो. आणि खरंच लागतो, कारण ब्रॉकच्या दगडांपुढे आग फारशी चालत नाही आणि त्याच्यानंतरच्या जिममधली मिस्टी पाण्याची. ‘नाही’ म्हणून चित्र बंद करता येतं, दुसरं बघता येतं, परत पहिल्याकडे येता येतं. घाई कुणी करत नाही. शेजारी ओकचा नातू उभा असतो, तोही थांबतो. तुम्ही ‘हो’ म्हटलंत की मग तो हलतो. गवत पाण्याला भारी, पाणी आगीला, आग गवताला. नातू थेट त्या चेंडूकडे जातो ज्यातला प्राणी तुमच्या प्राण्याला भारी पडेल. स्क्वर्टल घेतला की बल्बासॉर त्याच्याकडे. चारमँडर घेतला की स्क्वर्टल त्याच्याकडे. तुम्ही काहीही निवडा, तुमचा वैरी त्याच निवडीतून जन्मतो. दहा वर्षांच्या पोराला याहून खरी गोष्ट कुठल्या पाठ्यपुस्तकाने सांगितली असेल, असं मला वाटत नाही.

पण माझं मन अडकायचं ते तिसऱ्या चेंडूत. तो तसाच टेबलावर राहतो. त्याला हात लावला तर पडद्यावर अक्षरं येतात, हा प्रोफेसर ओकचा शेवटचा. आम्ही दर वेळी हात लावून बघायचो. तो कधीच मिळत नाही. त्याला गाठायचा एकच रस्ता, दुसऱ्या कुणी तो निवडलेला असावा आणि तारेवरून तुम्हाला द्यावा. आमच्या त्या संगणकाला तार नव्हती. जग पालथं घाला, शंभर प्राणी धरा, तो तिघांतला तिसरा पॅलेट गावात तिथेच बसलेला.

कॅफेत खुर्ची एक आणि आम्ही दोघं. दादा मला आधी निवडू द्यायचा. त्यामुळे चारमँडर पडद्यावर अनेकदा टेबलावरच राही आणि दादा तो वहीच्या मागच्या पानावर काढत बसे. त्याचा हात विलक्षण होता. ज्योतीच्या आत तो पेन्सिलने एक फिकट जागा सोडायचा, त्यामुळे ती खरोखर पेटल्यासारखी दिसे. दहावीनंतर चित्रकलेचा विषय घरात निघाला आणि लगेच मिटला. पप्पा रेल्वेच्या कारखान्यात, जिथे पुलांचे गर्डर बनतात. दादाने आयटीआयला फिटर ट्रेड घेतला. त्याने ते मनापासून केलं, त्याचा त्याला अभिमान आहे, आणि त्याने काही गमावलं असं मी त्याच्या वतीने म्हणणार नाही. पण निवडीच्या वेळी टेबलावर राहिलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं, ते विचारणारं कुणी नसतं. ते मला लहानपणापासून खुपत आलं आहे.

म्हणून पुढे नोकरीला लागल्यावर, पैसे हातात आल्यावर, मी ही मालिका क्रमाने खेळत गेलो तेव्हा माझं लक्ष त्या तिसऱ्याकडेच होतं. नऊ पिढ्या झाल्या, पहिल्या 151 प्राण्यांचे 1,025 झाले, पण सुरुवातीचं त्रिकूट प्रत्येक पिढीत गवत, आग, पाणी असंच राहिलं. बदलली ती आजूबाजूची माणसं. 1998 च्या ‘यलो’मध्ये टेबलावर निवडच नाही. पिकाचू मिळतो, आणि ते तिघं वाटेत भेटतात. एक जण चारमँडर देऊन टाकतो, कारण त्याला तो नीट वाढवता येत नाहीये. टीव्हीवरच्या गोष्टीत तर चारमँडर पावसात खडकावर बसून सोडून गेलेल्या मालकाची वाट बघतो, शेपटीवर पान धरून. तो भाग पाहताना दादा उठून बाहेर गेला होता.

2010 च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मध्ये तिसऱ्याला घर मिळालेलं मी पाहिलं. तिथे दोन मित्र असतात, बियांका आणि चेरेन, आणि तिन्ही प्राणी तिघांच्या हाती जातात. 2016 च्या ‘सन’ आणि ‘मून’मध्ये तर मित्रच बदलला. हाऊ नावाचा मुलगा तुमच्या प्राण्यापुढे कमी पडणारा प्राणी घेतो. अनेकांना हा पोरांचा फाजील लाड वाटला. मलाही नातवाची ती जुनी कठोर चाल जास्त खरी वाटते. तरी हाऊचा राग मला येत नाही, जिंकण्याच्या हिशेबाने न निवडणारं पोरही असतंच.

त्याच वर्षी डिसेंबरात ‘पोकेमॉन गो’ जिओच्या साथीने भारतात रीतसर आला आणि लोक फोन धरून स्टेशनांवर, बागांत फिरू लागले. तिथेही आधी हे तिघं समोर येतात. पण तेच प्राणी पुढे डझनांनी सापडतात आणि जास्तीचे प्रोफेसरकडे पाठवून त्यांच्या कँडी घ्यायच्या असतात. पहिला कोणता घेतला होता, हे महिनाभराने कुणाला आठवत नाही. मला तो खेळ फार दिवस खेळता आला नाही.

पुढे मला एक गोष्ट कळली आणि मी अक्षरशः आनंदलो. 1996 च्या त्या पहिल्याच खेळात, आतल्या माहितीत, स्वतः प्रोफेसर ओकशी लढण्याची तयारी करून ठेवलेली आहे. त्याचे तीन संघ आहेत. एकात बल्बासॉरचं पूर्ण वाढलेलं रूप व्हीनसॉर, एकात चारमँडरचं चारिझार्ड, एकात स्क्वर्टलचं ब्लास्टॉइज. ही लढाई खेळात कुठेच येत नाही, खेळणाऱ्याला ती दिसत नाही. पण तीन संघांचा मला एकच अर्थ लागतो. टेबलावर राहिलेला तो तिसरा म्हाताऱ्याने स्वतः वाढवायचा, असं बनवणाऱ्यांच्या मनात होतं. कॅफेत आम्ही ज्याला हात लावून परत ठेवत होतो, त्याचा विचार कुणीतरी आमच्या आधीच केला होता.

ती राहून गेलेली लढाई 23 वर्षांनी आली. 2019 च्या ‘स्वॉर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये टेबल नाही, प्रयोगशाळा नाही. हॉप नावाच्या मित्राचा थोरला भाऊ लिऑन, देशाचा अजिंक्यवीर, तिघांना घेऊन गावी येतो. आधी तुम्हाला निवडू देतो, मग हॉपला. उरेल तो मी घेतो, म्हणतो, आणि घेऊन जातो. खेळ पुढे जातो, तुम्ही जिम जिंकता, माणसं भेटतात, तो तिसरा विसरायलाही होतो. शेवटच्या सामन्यात भरलेल्या मैदानात लिऑन समोर येतो आणि त्याच्या संघात तोच प्राणी असतो, पूर्ण वाढलेला, तुमच्या पहिल्या प्राण्याला भारी पडणारा. दादाच्या घरी दिवाळीत मी हा सामना खेळलो. दादा शेजारी बसून बघत होता. मी हरलो, आणि दादाने टाळी वाजवली, माझ्यासाठी नव्हे.