नळीत चढणारं पाणी

फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड येतात ते घरोघरी. पण त्या मोडांना आपल्यासारखाच प्राणवायू लागतो, हे डोळ्यांनी पाहायचं तर शाळेच्या प्रयोगशाळेत जायला हवं. सामान अगदी साधं. चंबू, रबरी बूच, वाकवलेली काचेची नळी, चंचुपात्रात रंगीत पाणी. चंबूत मोड आलेली मटकी, आणि तिच्यावर दोऱ्याने टांगलेली छोटीशी परीक्षानळी, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची. बुचाभोवती व्हॅसलीन लावायचं, नळीचं टोक पाण्यात बुडवायचं आणि बसून राहायचं.

हे बसणंच मला फार मोलाचं वाटतं. बराच वेळ काहीच घडत नाही. मग चंबूच्या आतल्या बाजूला धुकं धरतं, त्याचे बारीक थेंब होतात, आणि नळीतलं पाणी पेनने केलेल्या खुणेच्या केसभर वर गेलेलं दिसतं. मटकी प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. तो हायड्रॉक्साइड शोषून घेतं. आतली हवा कमी होते तसं बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी वर चढतं. शेजारी मोजपट्टी धरून दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत गेलं की श्वसनाचा वेग वहीत उतरतो. पण चंबूला हात लावायचा नाही! तळव्याच्या उबेने आतली हवा फुगते आणि चढलेलं पाणी पुन्हा खाली ढकललं जातं.

पाणी उबेने नव्हे, श्वसनानेच हललं हे कळावं म्हणून शेजारी आणखी दोन चंबू मांडतात, एकात उकडलेली मटकी आणि एकात कोरडी. दोन्हींत पाणी हलत नाही. माझ्या मते प्रयोगाचा खरा गाभा इथे आहे. उकडलेली मटकी मेलेली आहे. कोरडी मात्र जिवंत आहे, पण तिचं श्वसन इतकं मंद की आपल्या नळीला ते कळतच नाही. दोन चंबू सारखेच स्तब्ध, आणि त्यांच्यात जीव असण्या-नसण्याचं अंतर! इस्राएलमध्ये मसाडाच्या उत्खननात मिळालेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी 2005 साली पेरली, तर ती उगवली. दोन हजार वर्षं ती बी त्या चंबूतल्या कोरड्या मटकीसारखीच गप्प होती.

या मोजमापाची परंपराही मोठी आहे. 1780च्या दशकात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, असं त्यांनी सांगितलं. पुढे लाव्हाझिएने माणसाच्या श्वसनावर प्रयोग केले, तेव्हाचं एक चित्र त्याच्या पत्नीने, मारी-आनने, काढून ठेवलं आहे. त्यात ती स्वतः टेबलाशी बसून नोंदी लिहिताना दिसते. मोजपट्टी धरलेल्या मुलाशेजारी वही घेऊन बसलेली मुलगी पाहिली की मला ते चित्र आठवतं.

आपल्या शेतकऱ्याला ही मंद आग हाताने माहीत आहे. ओलसर धान्य पोत्यात भरलं की तापतं. आंब्याची अढी पिकू लागली की आत घातलेल्या हाताला ऊब लागते. कांद्याची चाळ चारी बाजूंनी हवेशीर ठेवतात, कारण काढणीनंतरही कांद्याचं श्वसन चालूच असतं. नळीतल्या पाण्याची चढण आणि चाळीच्या फटी या एकाच गोष्टीबद्दल बोलतात, हे कुणी वर्गात सांगितलं तर मुलं तो धडा जन्मभर विसरणार नाहीत.

आज पुष्कळ ठिकाणी हा प्रयोग फळ्यावर होतो. आकृती उतरवून घेतात, निरीक्षणंही उतरवून घेतात. ज्याने पाणी चढताना पाहिलंच नाही, त्याच्या वहीतल्या आकड्याला काय अर्थ? शिक्षकांना माझी विनवणी आहे. मूठभर मटकी आदल्या दिवशी भिजवून फडक्यात बांधा. पोटॅशियम हायड्रॉक्साइड तेवढं तुम्ही स्वतः ओता, त्याने कातडी भाजते. बाकी सगळं मुलांच्या हाती द्या, आणि त्या दिवशी तासाची घंटा झाली तरी त्यांना उठवू नका.