उजवीकडचा आवाज

गाडीतला एक स्पीकर हळू वाजायला लागला की बहुतेक लोक अ‍ॅम्प्लिफायरचा गेन पिळतात. पिळू नका. त्याने दोष जात नाही, नुसता झाकला जातो आणि वर आवाज फाटतो. मी पालघरला गाड्यांचं वायरिंग करतो. या कामात एकच नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष कुठे सरकतो ते बघायचं.

समजा, डावीकडचा हळू आहे. आधी स्टिरिओचा बॅलन्स मध्यावर आहे ना, ते पाहा. मग अ‍ॅम्पमध्ये येणाऱ्या आरसीएच्या डाव्या-उजव्या पिना आपसात बदला. हळू आवाज उजवीकडे गेला, तर दोष अ‍ॅम्पच्या आधी, म्हणजे केबलमध्ये किंवा स्टिरिओत. डावीकडेच राहिला, तर अ‍ॅम्पमधून निघणाऱ्या स्पीकरच्या वायरी तशाच बदला. आता सरकला तर अ‍ॅम्प, नाही सरकला तर वायर किंवा स्पीकर. बस्स, एवढंच.

आमची इको माहीमला, समुद्रापासून पाच मिनिटांवर उभी असते. पप्पा तिच्यातून वाडीतली केळी आणि भाजी पालघरच्या बाजारात नेतात. त्यांना भजनं ऐकायला मी अ‍ॅम्प बसवून दिला होता. पावसाळ्यानंतर एकदा गाडीत बसलो तर डावीकडचा आवाज पार उतरलेला. पप्पा म्हणाले, "मला तर दोन्हीकडून सारखाच येतो."

पिना बदलल्यावर दोष सरकला. डावी पीन काढून पाहिली तर आत हिरवट पूड. खाऱ्या हवेत तांब्या-पितळेचं असं होतंच. नवी पीन लावली, १०० हर्ट्झचा टोन वाजवून मल्टिमीटर धरला. दोन्ही बाजूंना ६.२ व्होल्ट. काम संपलं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आल्यावर पप्पा म्हणाले, "काय केलंस रे? आता उजवीकडचा गेला."

हे विचित्र होतं. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, उजवा स्पीकर त्याच्या गुडघ्यापाशी असतो. त्याला उजवीकडचा आवाज थोडा जास्तच यायला हवा. मी पिना बदलल्या, वायरी बदलल्या. पप्पांसाठी उजवी बाजू हळूच राहिली. त्यांच्याच जागेवर मी बसलो तर सगळं ठीक.

मग बदलायला एकच गोष्ट उरली होती.

"पप्पा, मधल्या सीटवर बसा आणि तोंड मागे करा."

"आता हे काय नवीन?"

"बसा तर. आता कुठला हळू वाटतो?"

त्यांनी हात केला तो डाव्या दरवाजाकडे. दोष त्यांच्या डोक्याबरोबर फिरला होता.

म्हणजे पावसाळाभर डावा स्पीकर आणि पप्पांचा उजवा कान, दोघंही कमी चालत होते आणि एकमेकांना झाकत होते. स्पीकर सुधारला तेव्हा कान उघडा पडला.

पप्पांनी तारापूर एमआयडीसीत बावीस वर्षं पत्र्याच्या प्रेसवर काम केलं. कानात कापसाचे बोळे घालायचे, पण कुणी हाक मारली की काढावे लागायचे. कानाच्या डॉक्टरांनी आधी मळ नाही ना ते पाहिलं, मग ऑडिओमेट्री केली. ४००० हर्ट्झच्या आसपास दोन्ही कानांची रेघ खड्ड्यात गेलेली, उजव्याची जास्त खोल. दोन कानांत एवढा फरक का, यासाठी आणखी तपासण्या सांगितल्या. आतल्या कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पीन बदलता येते, हे नाही.

घरी येऊन मी वाचत बसलो. आवाजामुळे येणारा बहिरेपणा २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला होता. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा होती. पप्पांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "तिथे सगळेच मोठ्याने बोलायचे. सवय झाली."

मला भीती वेगळीच वाटत होती. माहीम-पालघर रस्त्यावर मागची गाडी ओव्हरटेक करते ती उजवीकडून. हॉर्न येतो तो उजव्या कानाशी. म्हणून पहिलं काम आरशांचं केलं. उजवीकडे मोठा आरसा बसवला. दुसरं काम श्रवणयंत्राचं, त्याला पप्पा अजून "बघू" म्हणतात. बॅलन्स थोडा उजवीकडे सरकवून देऊ का, असं विचारलं तर नको म्हणाले. शेजारी आई बसते, तिला नीट ऐकू यायला हवं.

आता कुणी गाडी घेऊन आलं आणि "एक बाजू हळू वाजते" म्हणालं, की मीटर काढायच्या आधी मी विचारतो, "सगळ्यांना हळू येते, की तुम्हालाच?"