न झालेल्या गोलांचा मानकरी

१५ मे १९७४. ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये युरोपियन कपचा अंतिम सामना जादा वेळेच्या अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत आला होता. ११४व्या मिनिटाला लुईस अरागोनेसने फ्री किकवर चेंडू जाळ्यात घातला होता. अॅटलेटिको माद्रिद एका गोलाने पुढे होते आणि बायर्न म्युनिकची आघाडीची मंडळी पुरती जखडली गेली होती. अशा वेळी चेंडू आला तो हान्स-गेओर्ग ष्वार्त्सेनबेककडे, बचावफळीच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या गड्याकडे. गोलाची आशा ज्याच्यावर कोणी ठेवली नसती असा हा माणूस. अंगावर कोणी आले नाही म्हणून तो पुढे सरकत राहिला, आणि शेवटी पंचवीसेक मीटरवरून त्याने जमिनीलगत फटका हाणला. गोलरक्षक मिगेल रेनाची झेप पोहोचायच्या आत चेंडू जाळ्यात होता. त्या सामन्याचा निकाल पेनल्टीवर लावायची सोय नव्हती, म्हणून दोन दिवसांनी तो पुन्हा खेळवला गेला. उली हेनेस आणि गेर्ड म्युलर यांनी प्रत्येकी दोन गोल केले आणि बायर्नने आपला पहिला युरोपियन कप ४–० अशा फरकाने उचलला. ष्वार्त्सेनबेकचे नाव निघाले की आजही पहिल्यांदा हाच गोल आठवतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत आठवण तिथेच संपते.

मला ही आठवण अन्यायाची वाटते. गोल थोर होता यात वादच नाही. पण ज्या माणसाने पंधरा वर्षे एक काम जीव ओतून केले, त्याला आपण तो ते काम सोडून पुढे गेला त्या एका मिनिटासाठी ओळखतो. त्याची कारकीर्द आकड्यांत मांडली तर हा विरोध लख्ख दिसतो. म्युनिकमध्ये १९४८ साली जन्म, १९६६ मध्ये बायर्नच्या मुख्य संघात प्रवेश, १९८१ मध्ये निवृत्ती, आणि मधल्या काळात दुसऱ्या कुठल्याही क्लबचा शर्ट अंगाला लागला नाही. बुंडेसलीगात ४१६ सामने आणि २१ गोल. पश्चिम जर्मनीसाठी ४४ सामने आणि गोल एकही नाही. या चव्वेचाळीस सामन्यांच्या काळातच त्याचा देश १९७२ मध्ये युरोपचा आणि १९७४ मध्ये जगाचा विजेता झाला. क्लबकडून त्याने लागोपाठ तीन युरोपियन कप जिंकले. इतक्या पदकांच्या मालकाचे मोल ठरवायला गोलांचा रकाना जवळजवळ निरुपयोगी ठरतो, याचा अर्थ आपले मापच कुठेतरी तोकडे आहे. बचावपटूची कारकीर्द वाचायची असेल तर मैदानावर काय घडले याच्या जोडीला काय घडू दिले गेले नाही तेही वाचावे लागते, आणि ष्वार्त्सेनबेक हा त्या वाचनाचा सर्वांत चांगला धडा आहे, असे माझे म्हणणे आहे.

त्याचे काम नेमके काय होते, ते जरा जवळून पाहू. त्या काळातला जर्मन बचाव माणसाला माणूस या हिशेबाने चाले. प्रत्येक बचावपटूच्या वाट्याला प्रतिस्पर्ध्यांपैकी एक जण यायचा आणि नव्वद मिनिटे त्याची पाठ सोडायची नाही. मधल्या बचावपटूच्या, म्हणजे स्टॉपरच्या, वाट्याला सहसा मधला आघाडीवीर येई, म्हणजे समोरच्या संघातला सर्वांत धोकादायक माणूस. या सगळ्यांच्या मागे एक जण मोकळा असे, तो लिबेरो. त्याला कोणाच्या मागे धावायचे नसे. बाकीच्यांच्या चुका निस्तरायच्या, एवढे त्याचे मूळ काम. बायर्नच्या फ्रान्झ बेकेनबाउअरने या जागेचे रूपच पालटले. मान ताठ ठेवून, चेंडू पायाशी घेऊन तो मागून निघे, मध्यरेषा ओलांडे आणि हल्ल्याचा सूत्रधार होई. पण मागचा मोकळा माणूस पुढे गेला की मागे भगदाड पडते, हे साधे गणित आहे. ते भगदाड ष्वार्त्सेनबेक बुजवत असे. त्याला आपला गडीही नजरेआड होऊ द्यायचा नव्हता आणि दोन पावले मागे सरकून बेकेनबाउअरची जागाही राखायची होती. चेंडू हिसकावला गेला तर उलटा हल्ला पहिल्यांदा अंगावर घ्यायचा तोही त्यानेच. मैफलीत गवई विलंबित लयीत स्वैर विहरू शकतो, कारण तबलजी ठेका सोडत नाही, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष ठेक्याकडे जाते ते तो डळमळला तरच. या जोडीतला संबंध तसा होता. बेकेनबाउअरचे स्वातंत्र्य ही दोघांची मिळकत होती, तिची सही मात्र एकाच्याच नावाची राहिली.

हे निव्वळ कल्पनेने रचलेले नाही. राष्ट्रीय संघाचा इतिहास पाहा. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात प्रशिक्षक हेल्मुट शोन यांनी बेकेनबाउअरला मधल्या फळीत खेळवले होते आणि लिबेरोच्या जागी कार्ल-हाइन्झ श्नेलिंगर होता. ष्वार्त्सेनबेक राष्ट्रीय संघात आला १९७१ मध्ये, आणि १९७२ च्या युरोपियन अजिंक्यपदासाठी शोन यांनी बायर्नची ही जोडी जशीच्या तशी उचलून संघाच्या मध्यभागी बसवली. त्या वर्षी २९ एप्रिलला वेम्ब्लीवर पश्चिम जर्मनीने इंग्लंडला ३–१ असे हरवले. इंग्लंडच्या भूमीवरचा तो त्यांचा पहिलाच विजय. त्या सामन्याचे वर्णन करणारे बेकेनबाउअर आणि ग्युंटर नेट्झर यांच्याबद्दल बोलताना थकत नाहीत. एक पुढे गेला की दुसरा मागे, दुसरा निघाला की पहिला थांबलेला, अशी ती सुंदर अदलाबदल होती. पण त्या सौंदर्याच्या खाली दोन माणसे अखंड राबत होती. नेट्झरच्या वाटची धावपळ हर्बर्ट विमर करत होता आणि बेकेनबाउअरच्या पाठीमागे ष्वार्त्सेनबेक होता. योगायोग असा की या दोन राबणाऱ्यांपैकी विमरने त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध गोल केला, आणि तोही हायझेललाच, जिथे दोन वर्षांनी ष्वार्त्सेनबेकचा तो फटका बसायचा होता.

१९७४ च्या विश्वचषकात यजमान पश्चिम जर्मनीने सात सामन्यांत एकूण चार गोल स्वीकारले. त्यांतले दोन स्वीडनविरुद्ध आणि एक अंतिम सामन्यात योहान नेस्केन्सच्या पेनल्टीवर, एकाही जर्मन खेळाडूचा पाय चेंडूला लागण्यापूर्वी. उरलेला चौथा गोल आपल्या मुद्द्यासाठी फार बोलका आहे. २२ जूनला हॅम्बर्गमध्ये दोन जर्मनी समोरासमोर आल्या. ६८व्या मिनिटाला शोन यांनी ष्वार्त्सेनबेकला बाहेर काढून हॉटगेसला उतरवले. ७७व्या मिनिटाला युर्गन श्पारवासर बचावाच्या मधोमध घुसला आणि पूर्व जर्मनीने सामना १–० असा जिंकला. एवढ्यावरून ष्वार्त्सेनबेक मैदानावर असता तर गोल झालाच नसता, असे कोणी म्हणू नये, आणि मीही म्हणत नाही. एका प्रसंगाने काही सिद्ध होत नसते. पण सातही सामन्यांत सुरुवातीपासून खेळलेला हा माणूस बाहेर गेल्यावर नऊ मिनिटांत नेमके मधले दार उघडते, ही नोंद दुर्लक्ष करण्यासारखी नक्कीच नाही.

माझ्या म्हणण्यावर पहिला वजनदार आक्षेप येतो तो नशिबाचा. बायर्नने १९७४, १९७५ आणि १९७६ चे तीन अंतिम सामने जिंकले. पहिल्याचा फेरसामना धरून ते चार होतात. या चार सामन्यांत बायर्नवर गोल झाला एकच, आणि तोही अरागोनेसचा, फ्री किकवर. म्हणजे चालू खेळात त्यांच्यावर एकही गोल झाला नाही. यावर लीड्सचा चाहता म्हणेल की १९७५ च्या पॅरिसमधल्या सामन्यात पीटर लॉरिमरने चेंडू जाळ्यात घातला होता, तो ऑफसाइडच्या कारणाने रद्द झाला. सेंट-एतियेनचा चाहता सांगेल की १९७६ मध्ये ग्लासगोला त्यांचा चेंडू दोनदा क्रॉसबारवर आदळून परतला. आणि दोघेही आठवण करून देतील की मागे सेप मायरसारखा गोलरक्षक उभा होता. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नशिबाने बायर्नला साथ दिली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नशीब एका रात्री साथ देते, फार तर दोन रात्री. क्रॉसबारवर आदळलेल्या दोन फटक्यांचा हिशेब मांडताना, जे फटके मारायची संधीच मिळाली नाही त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. आघाडीवीराला अर्धा मीटर बाजूला ढकलले गेले, त्याला वळायला अवसर मिळाला नाही, त्याने चेंडू मागे दिला. हे कुठल्याच वहीत नोंदवले जात नाही. बचावाचा पुरावा असा विखुरलेला आणि मुका असतो. त्याची बेरीज व्हायला अनेक वर्षांचे सामने लागतात, आणि ष्वार्त्सेनबेकच्या खात्यावर ती वर्षे आहेत.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. बेकेनबाउअर शेजारी असल्यावर कोणीही मोठा दिसेल, असे म्हणणारे पुरावाही देतात. १९७७ मध्ये बेकेनबाउअर न्यूयॉर्क कॉसमॉसकडे गेला आणि पुढच्याच हंगामात बायर्न बुंडेसलीगात बाराव्या क्रमांकावर घसरले. १९७८ च्या अर्जेंटिनातल्या विश्वचषकासाठी ष्वार्त्सेनबेक संघात होता, पण त्याला एकाही सामन्यात उतरवले गेले नाही. हा पुरावा खोटा म्हणून झटकता येणार नाही. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला एकांगी वाटतो. १९७४–७५ च्या हंगामात बेकेनबाउअर ऐन भरात होता आणि ष्वार्त्सेनबेकही होता, तरी बायर्न दहाव्या क्रमांकावर संपले, आणि त्याच हंगामात युरोपियन कप जिंकले. तेव्हा लीगमधला क्रमांक हा या जोडीतल्या एकाचे मोल ठरवणारा काटा होऊ शकत नाही. एकावाचून दुसरा अडला, यातून सिद्ध होते ते परस्परांवरचे अवलंबन. पोवाड्याला शाहीर लागतो तसा साथीदारही लागतो, असे आपण सहज म्हणतो. मग इथेच हिशेब एका बाजूला का झुकावा? शिवाय बेकेनबाउअर गेल्यानंतरही ष्वार्त्सेनबेकने बायर्नची जागा सोडली नाही आणि १९८० मध्ये पुन्हा बुंडेसलीगा जिंकली. कारकीर्द थांबली ती घोट्यामागच्या शिरेच्या दुखापतीने.

तो त्याच्या काळाचा खेळाडू होता, हेही मान्य करायला हवे. पुढे बचाव माणसापेक्षा जागा राखायला शिकला, चार जणांची सरळ ओळ आली, लिबेरो गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा स्टॉपरही गेला. आजच्या बचावपटूकडून चेंडू सफाईने पुढे देण्याची अपेक्षा असते, आणि त्या कसोटीवर ष्वार्त्सेनबेक कदाचित मागे पडेल. त्याची चाल ओबडधोबड होती आणि चेंडूवरची हुकमत बेकेनबाउअरच्या जवळपासही जाणारी नव्हती. पण सौंदर्याचा एवढा एकच निकष धरला तर या खेळातली अर्धी बुद्धी आपल्याला दिसतच नाही. शेजारचा माणूस कधी निघणार हे त्याच्या खांद्यावरून ओळखणे आणि तो निघण्याआधीच मागे सरकणे, हीसुद्धा खेळाची जाण आहे. मला तर ती फार वरच्या दर्जाची वाटते, कारण तिला स्वतःसाठी काहीच नको असते. बॅलन डी'ओर या पुरस्काराची यादी पाहिली तरी कोणती जाण आपल्या डोळ्यांत भरते ते कळते. बेकेनबाउअरला तो १९७२ आणि १९७६ मध्ये मिळाला, मथियास झामरला १९९६ मध्ये, दोघेही लिबेरो. निव्वळ राखण करणारा बचावपटू त्या यादीत यायला २००६ साल उजाडावे लागले, तो इटलीचा फाबिओ कानावारो.

खेळणे थांबल्यावर ष्वार्त्सेनबेकने म्युनिकमध्ये स्टेशनरीचे दुकान चालवले. वह्या, पेने, वर्तमानपत्रे. बायर्नच्या कार्यालयालाही तो कागद आणि लिखाणाचे सामान पुरवत असे. ही गोष्ट सांगताना अनेकजण विश्वविजेत्याच्या वाट्याला आलेले साधे आयुष्य म्हणून सुस्कारा टाकतात. तो सुस्कारा मला अनाठायी वाटतो. बारा महिने दुकान उघडणे आणि बारा महिने जागा राखणे यांत त्याने कधी कमीपणा मानल्याचे दिसत नाही. तेव्हा आपणही त्याच्या नावाने दया दाखवू नये. ज्या कामात तो अव्वल होता ते काम म्हणून पाहावे. ७ जुलै १९७४ च्या अंतिम सामन्याचे चित्रण आज सहज मिळते. सगळे जण त्यात योहान क्रायफला पाहतात, त्याच्या मागे लागलेल्या बेर्टी फोग्ट्सला पाहतात, ४३व्या मिनिटाचा म्युलरचा गोल पाहतात. उत्तरार्धातली पंधरा मिनिटे, जेव्हा हॉलंड बरोबरीसाठी जिवाच्या आकांताने चढून येत होते तेव्हाची, चेंडूकडे न पाहता फक्त ष्वार्त्सेनबेकच्या चार क्रमांकाच्या शर्टाकडे पाहा. कॅमेरा चेंडूच्या मागे पळतो, त्यामुळे तो शर्ट अधूनमधून चौकटीबाहेर जाईल. तरी परत दिसेल तेव्हा तो कुठे उभा आहे आणि बेकेनबाउअर त्या क्षणी कुठे आहे, एवढे नक्की पाहा.