शेगावच्या वाटेवरचं बाळापूर

अकोल्याहून खामगावकडे निघालं की पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर बाळापूर लागतं. या वाटेनं शेगावला जाणारे बहुतेक भाविक ते गाडीच्या काचेतूनच पाहतात. खरं तर गजानन विजय ग्रंथ वाचणाऱ्यांना हे गाव परकं नाही. दरवर्षी सज्जनगडची वारी करणारे रामदासी बाळकृष्णबुवा आणि पुतळाबाई इथलेच.

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर, उंचवट्यावर किल्ला उभा आहे. फाट्यावर चहा पिताना शेजारच्या म्हाताऱ्या काकांना वाट विचारली. “किल्ला पाह्याले आले का? जा ना मंग सीधे वरते, पह्यले देवीचं दर्शन घ्या,” म्हणाले. बाळादेवीचं देऊळ किल्ल्याच्या पायथ्याशीच आहे आणि गावाला नाव तिचंच.

किल्ला विटांचा. आतला कोट पंचकोनी, बाहेरचा दहा कोनांचा आणि प्रत्येक कोनावर बुरूज. सह्याद्रीत कड्याच्या भरवशावर किल्ले बांधले गेले; इथल्या सपाटीवर सगळा भार भिंतींवरच. मुघल काळात बाळापूर हा वऱ्हाड सुभ्यातला भरघोस वसुलीचा परगणा, तेव्हा राखण्यासारखंही पुष्कळ होतं.

किल्ल्याचं काम औरंगजेबाचा मुलगा आझमशाह यानं 1721 साली सुरू केलं, असं सर्रास छापलं जातं. पण आझमशाह 1707 मध्येच जाजऊच्या लढाईत मारला गेला. म्हणजे साल तरी चूक किंवा बांधणारा तरी! एलिचपूरचा नवाब इस्माईल खान यानं 1757 मध्ये बांधकाम पुरं केलं, हे मात्र पटण्यासारखं आहे. मधल्या काळात, 1720 च्या ऑगस्टमध्ये, याच परिसरात निजामउल्मुल्कनं सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअली खान याला लढाईत मारलं. दख्खनवर निजामाचा जम बसला तो या विजयामुळे. हैदराबादच्या आसफजाही राज्याची एक पायरी बाळापूरला आहे, हे हैदराबाद पाहून आलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

नदीकाठची मिर्झाराजा जयसिंगाची छत्री मला किल्ल्याहून अधिक आवडली. काळ्या दगडाची, कमानींची, नदीचा वारा घेत उभी. छत्री म्हटलं की समाधी, असा आपला समज. पण जयसिंग 1667 मध्ये वारला तो बुऱ्हाणपूरला, आणि त्याच्या स्मरणाची ‘राजा की छत्री’ तिकडेच, तापीकाठी आहे. बाळापूरची छत्री त्यानं बांधवली असं सांगतात, म्हणजे ही निवांत बसायची जागा असणार. 1665 मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेणारा हा माणूस. गंमत अशी की त्याच्या मृत्यूनंतर महाराजांचा औरंगजेबाशी पुन्हा समेट झाला, तेव्हा संभाजीराजांच्या नावे वऱ्हाडात जी जहागीर मिळाली, तीत बाळापूरचा परगणाही होता.

शेगावला जाणाऱ्यांनी इथं अर्धा दिवस काढावा. आधी देवी, मग किल्ला आणि उन्हं कलल्यावर छत्री. मात्र भर पावसाळ्यात येऊ नका. दोन नद्यांचं गाव आहे.