सौम्य मोटरचा मोह

मॉडेल रॉकेटची मोटर निवडताना ‘जोर कमी, तितका धोका कमी’ असं मी बरीच वर्षं मानत आलो. इथे अमेरिकेत हाय-पॉवर रॉकेटं उडवायला लागल्यावरही ते डोक्यातून गेलं नव्हतं. आता मी सौम्य मोटरलाच जास्त भितो.

हाय-पॉवरची पहिली पायरी म्हणजे एच वर्ग. अक्षरावरून एकूण आवेग कळतो. एचमध्ये तो १६० ते ३२० न्यूटन-सेकंद. पण तो कसा खर्च होणार, हे पुढचा आकडा सांगतो. एच-१२८ म्हणजे सरासरी १२८ न्यूटन जोर. एचमध्येच ५०च्या आसपासच्याही मोटरी मिळतात. त्या तीन सेकंदांहून जास्त जळतात, रॉकेट डौलात वर चढतं. मला त्याच आवडायच्या.

मग गणित मांडून पाहिलं. माझं रॉकेट भरल्यावर दोन किलो, म्हणजे वजन साधारण २० न्यूटन. जोर वजनाच्या निदान पाचपट हवा, असा ढोबळ नियम. ५० न्यूटनवर रॉकेटला सुरुवातीला सरळ धरणारी दोन मीटरची रेल सोडताना वेग सेकंदाला आठ मीटरही भरत नाही. १२८वर तो पंधराच्या आसपास जातो. पंखांना काम करायला वेगाने वाहणारी हवा लागते. हळू चाललेली सायकल लटपटते, तसंच हे. त्यात सेकंदाला पाच मीटरचा वारा आडवा आला, की मंद रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि उरलेलं सगळं इंधन त्याच तिरक्या दिशेने जाळतं. खाली माणसं उभी असतात!

म्हणून भरमसाट मोठी मोटर घ्यावी, असंही नाही. पातळ पुठ्ठ्याची नळी आणि लहान मैदान तिला पुरत नाही. शिवाय पॅराशूटची वेळ बघावी लागते. एच-१२८-१४मधला १४ म्हणजे इंधन संपल्यावर पॅराशूट उघडेपर्यंतचे सेकंद. माझं रॉकेट सहा-सात सेकंदांत शिखर गाठतं. चौदापर्यंत थांबलं तर जमिनीलाच भेटेल. तो विलंब आधी कमी करून घ्यावा लागतो.

नव्याने येणाऱ्यांना एवढीच विनंती: पॅराशूट वगैरे सगळं भरून रॉकेट काट्यावर ठेवा, त्यात मोटरचं वजन मिळवा, आणि मगच दुकानात जा.