पायावर आलेला चेंडू



यावेळी पाककृती नाही. पर्व संपून पंधरा दिवस झाले, तरी मनातून एक गोष्ट जात नाही, ती लिहिते.

आमचा धाकटा सतरा वर्षांचा आहे. गेल्या हंगामात तो पहिल्यांदा कोल्हापुरात एका तालमीच्या संघातून खेळला. हुपरीच्या पोराला शाहू स्टेडियमवर उतरायला मिळतंय म्हणून घरात केवढा आनंद! मी चार वाजायच्या आत डबा करून द्यायची. दिवस मावळायच्या आधी त्याने तो एसटीत बसून खायचा, असं आमचं ठरलेलं. थंडीच्या दिवसांत सहाला अंधारतं, त्यामुळे कितीतरी वेळा डबा तसाच परत आला आणि पोरगं पाणी न पिता झोपलं.

पण खेळायला फारसं मिळालंच नाही, बहुतेक वेळ बाकावर गेला. एका सामन्यात शेवटची वीस मिनिटं उतरवलं. त्यात तीनदा चेंडू त्याच्याकडे आला आणि तिन्ही वेळा पायावरून उसळून समोरच्याकडे गेला. कोल्हापूरचं पब्लिक तुम्हाला माहीतच आहे, जीव लावतं तसं सालटंही काढतं. त्या रात्री घरी येऊन तो म्हणाला, "उद्यापासून दुकानात बसतो."

ह्यांना बरंच वाटलं. आमचा पैंजणांचा धंदा. आटणीपासून पॉलिशपर्यंत घरचं माणूस लक्ष ठेवायला असेल तर कुणाला नको? आणि मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी फोनवर जावेला म्हणाले, "जाऊ दे, त्याच्या पायात ते नव्हतंच." तो जिन्यात उभा होता, हे मला नंतर कळलं.

मे गेला, पाऊस सुरू झाला. एका दुपारी हा मोबाईलवर जुना सामना बघत बसलेला. मी डाळ निवडत शेजारी बसले. तो म्हणाला, "आई, हा अनिकेत जाधव. आपल्या कोल्हापूरचा. वडील रिक्षा चालवायचे." मग त्यानेच सगळं सांगितलं.

अनिकेत लहानपणीच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला, त्या संघात तो पुढच्या फळीत होता. फुटबॉलच्या कुठल्याही विश्वचषकात भारत खेळण्याची ती पहिलीच वेळ. दिल्लीत तीन सामने झाले आणि तिन्ही हरले. अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१, घानाकडून ४-०. नऊ गोल खाल्ले, एक केला, तोही जॅक्सन सिंगने. सगळा देश बघत असताना सतरा वर्षांच्या पोरांची ही सुरुवात! नोव्हेंबरअखेर हीच बरीचशी मुलं इंडियन अ‍ॅरोज नावाने आय-लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध उतरली. पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीला ३-० हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे.

मला वाटलं, झालं, आता सुखाचे दिवस. तर कुठलं! पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये स्पेनला वीस वर्षांखालच्या संघाचा सामना होता, अर्जेंटिनाशी. त्यांचे प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी, ज्यांनी पुढे २०२२चा विश्वचषक जिंकून दिला तेच. दीपक टांगरीने आपल्याला लवकर आघाडी मिळवून दिली होती, आणि दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच अनिकेतला लाल कार्ड. मैदानाबाहेर. दहा जणच उरले. तरी अन्वर अलीने फ्री किकवर गोल केला आणि भारत २-१ने जिंकला.

मी डाळ निवडायची थांबले. सगळे जिंकून नाचत असतील तेव्हा त्या पोराला काय वाटलं असेल? आपल्यावाचूनही जिंकले, याचा आनंद मानायचा की काय? त्याच्या आईने त्या रात्री फोन केला असेल का, आणि काय बोलली असेल, हेच माझ्या डोक्यात.

पुढे ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे इंग्लंडमध्ये तीन महिने सराव (तो क्लब आपल्या पुण्याच्या वेंकीजवाल्यांचा, हे मला नवीनच होतं), मग २०१९ला जमशेदपूर. हैदराबादकडे गेल्यावर तो कडेने खेळायला लागला. गोलसमोर उभं राहायचं सोडून रेषेजवळ चेंडू घ्यायचा आणि आत घुसायचं. २०२२च्या मार्चमध्ये गोव्यात फातोर्ड्याला हैदराबादने केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली, त्या संघात तो होता. त्याच महिन्यात भारताच्या मोठ्या संघाबरोबर बहरीनला गेला.

"दिल्लीपासून साडेचार वर्षं," आमचा म्हणाला. मोजून ठेवलेली दिसली.

तेव्हापासून रोज सकाळी कारखान्याच्या मागच्या भिंतीवर चेंडू आपटायला सुरुवात झाली. मी विचारलं, नुसतं भिंतीवर मारून काय होतं? म्हणाला, मारण्याचं नाही, घेण्याचं शिकतोय. चेंडू येण्याआधी एकदा मान वळवून मागे बघायचं, अंग थोडं उघडं ठेवायचं, आणि चेंडू लागताक्षणी पाय किंचित मागे घ्यायचा, म्हणजे तो उसळत नाही. ताठ पायाला लागला की गेलाच. शेजारच्या काकूंनी दोनदा तक्रार केली. मी त्यांना लाडू नेऊन दिले.

यंदा क्षमावाणीला बस्तीतून आलो. घरोघर "उत्तम क्षमा" म्हणत फिरताना आपण किती सहज हात जोडतो! ज्यांचं काही बिघडवलेलं नसतं त्यांचीही क्षमा मागतो. घरात आले, तर हा बुटांची नाडी बांधत बसलेला. मी त्याच्यासमोर खालीच बसले. म्हटलं, "त्या दिवशी फोनवर मी बोलले ते चुकलं. क्षमा कर."

तो नाडीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं तुला आठवतच नसेल."

ह्यांचं अजून पक्कं नाही. दुपारपर्यंत दुकान, मग सराव, एवढ्यावर सध्या भागलंय. तालमीने पुन्हा घेतलं तर हंगामाला दोन-अडीच महिने आहेत. डब्याची वेळ मात्र आम्ही बदलली. आता साडेतीनलाच भाकरी टाकते, म्हणजे मैदानावर जायच्या आधीच पोटात जाईल.