आण्णांना वेड लागलं नव्हतं

आज राजकारण नाही.

"ऑपरेशन झकास झालं, पण म्हातारं भलतंच बरळायला लागलंय." गेल्या वर्षभरात हे वाक्य मी तीन-चार घरांतून ऐकलं. कुणी म्हणतं भूल डोक्यात गेली. कुणी बाहेरचं समजून अंगारा आणतं. एका घराने तर पेशंटला टाक्यांसकट उचलून घरी नेलं.

डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत मेंदू गोंधळतो. सकाळी माणूस नीट बोलतो, रात्री मुलालाही ओळखत नाही. हे वेड नव्हे. पण "होईल आपोआप बरं" म्हणून सोडायचंही नसतं, कारण मागे जंतुसंसर्ग, कमी झालेलं सोडियम, तुंबलेली लघवी किंवा एखादं औषध असू शकतं.

आमच्या आण्णांचं खुब्याचं हाड मोडलं, वय 78. दुसऱ्या रात्री सलाईन उपसून "एसटी चुकंल" म्हणत उठायला लागले. वॉर्डातल्या मामांनी हात बांधले, तसे ते जास्तच बिथरले. चष्मा आणि कानाचं मशीन ऑपरेशनआधी काढून घेतलेलं, ते पिशवीतच. ना दिसतंय, ना ऐकू येतंय, वर रात्रभर ट्यूबलाईट. धडधाकट माणूसही चक्रावेल. पहाटे ड्युटीवर आलेल्या सिस्टरने हात सोडले, चष्मा-मशीन लावलं आणि वार, गाव, कशाचं ऑपरेशन झालं ते सांगितलं. चौथ्या दिवशी आण्णा पेपर मागत होते.

धोका कुणाला, हे बऱ्यापैकी आधी कळतं. वय 65 च्या पुढे, आधीपासून विसरभोळेपणा, कमी दिसणं-ऐकणं, ढीगभर गोळ्या, खुब्याचं किंवा हृदयाचं ऑपरेशन. आणि रोजची दारू. ती अचानक बंद झाली की मेंदू खवळतो. आपल्याकडे भूलतज्ज्ञ विचारतात तेव्हा सगळं घर म्हणतं, "छे, घेतच नाहीत." कृपा करून खरं सांगा. झोपेची गोळी रोज लागत असेल तर तेही.

गडबड करणारा पेशंट निदान दिसतो तरी. गप्प पडून राहणारा, जेवण नको म्हणणारा निसटतो. "शांत झोपलेत" म्हणून सगळे खूश असतात.

तपासायला 4एटी नावाची दोन मिनिटांची चाचणी आहे. वय, जन्मतारीख, जागा, साल विचारायचं, महिने उलटे म्हणायला लावायचे, माणूस किती जागा आहे आणि अचानक बदललाय का ते बघायचं. (आपल्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख गुरुजींच्या कृपेने 1 जून, तेवढं सांभाळून घ्यावं.)

अमेरिकेत डॉ. शॅरन इनोये यांनी 1999 साली 70 वर्षांवरच्या 852 पेशंटचा अभ्यास छापला. नेहमीच्या उपचारात 15 टक्क्यांना डिलिरियम झाला, खास काळजी घेतलेल्यांत 9.9 टक्क्यांना. ते पेशंट ऑपरेशनचे नव्हते, पण तेच उपाय आज सर्जरीच्या वॉर्डातही वापरतात: चष्मा, कानाचं मशीन, पाणी, लवकर चालवणं, रात्री झोपू देणं, सतत बोलत राहणं. यात महागडं काय आहे?

आपल्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीतले दोघं-तिघं ही पोस्ट वाचतात, मला माहितीये. सर्जरी वॉर्डात एक मोठं घड्याळ आणि कॅलेंडर लावा. रात्री दहानंतर दिवे मंद करा. आणि म्हाताऱ्या पेशंटजवळ ओळखीचं एक माणूस बसू द्या, आयसीयूतही, थोडा वेळ का होईना. पुढच्या बैठकीत विषय आला की मला कळवा, बातमी करतो.